कॉम्प्युटर बंद व्हायला सात-आठ मिनिटं लागतात? स्विच पाडण्याआधी हे वाचा



रात्रीचे सव्वानऊ. शटर अर्धं खाली आलंय. गल्ला मोजून झालाय, एक सोडून सगळे दिवे मालवलेत, गाडीची चावी हातात आहे. आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर 'शटिंग डाऊन' म्हणत नुसता गोल गोल फिरतोय. दोन मिनिटं झाली, पाच झाली. शेवटी आपण काय करतो? पॉवरचं बटण दाबून धरतो, नाहीतर सरळ बोर्डावरचा स्विच पाडतो. झाला बंद. कुलूप लावलं, घरी निघालो.

मीही हेच करायचो. एवढंच नाही, दुकानातल्या मुलालाही मीच हे शिकवलं होतं. त्याच्या गावाची शेवटची एसटी साडेनऊची. रोज तो 'दादा, अजून फिरतंय' म्हणायचा आणि मी म्हणायचो, 'अरे, दाब बटण आणि जा.' या सवयीची किंमत मी एका जुलै महिन्यात मोजली. या आठवड्याच्या व्हिडिओत ती गोष्ट थोडक्यात सांगितलीय, पण कुठली सेटिंग कुठे आहे हे व्हिडिओ थांबवून-थांबवून बघणं त्रासाचं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 'शट डाऊन' वर क्लिक केलं म्हणजे दिव्याचं बटण बंद केलं असं नाही. ते दुकान बंद करण्यासारखं आहे. तुम्ही नऊ वाजता 'चला, बंद करू' म्हणता तेव्हा शेवटचं गिऱ्हाईक अजून आत असतं, बाहेर मांडलेला माल आत घ्यायचा असतो, वहीत दोन नोंदी राहिलेल्या असतात. कॉम्प्युटरही आधी उघडी सॉफ्टवेअर बंद करतो. मग पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेसना 'आटपा' म्हणून सांगतो. मग मेमरीत असलेली, पण डिस्कवर अजून न लिहिलेली माहिती लिहून घेतो. अपडेट आलेलं असेल तर त्याचंही काम करतो. हे सगळं झालं की मग वीज तोडतो. म्हणजे ज्या अर्थी तो फिरतोय, त्या अर्थी यातलं कुणीतरी अजून 'झालं' म्हणालेलं नाहीये. ते कोण, हे न बघता स्विच पाडणं म्हणजे आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणं.

माझ्या दुकानात आत कोण होतं

माझं स्टेशनरीचं दुकान आहे, सोबत झेरॉक्स. आमचा सगळा धंदा जूनमध्ये. शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं, दप्तरं, शाळांच्या मोठ्या ऑर्डरी. वर्षाची निम्मी धावपळ त्या चार आठवड्यांत होते. ४ जुलैला सकाळी बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर मेसेज, डेटाबेस उघडता येत नाही. बंद करून चालू केलं. तेच. सपोर्टला फोन लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, 'सर, बॅकअप आहे ना?' मी त्याहून शांतपणे म्हणालो, 'रोजचा आहे.'

खरंच होता. दोन वर्षांपूर्वी मीच सेटिंग करून ठेवलं होतं की रोज कॉम्प्युटर बंद करताना पूर्ण डेटाचा बॅकअप मागे लावलेल्या पेनड्राइव्हवर जावा. पेनड्राइव्ह उघडला. रोजच्या तारखेची एक फाइल, ओळीने. मला हायसं वाटलं. मग त्या मुलाने साइज वाचून दाखवायला सांगितली.

९ जूनची फाइल २.१ जीबी. १० जूनची ६४० एमबी. ११ जूनची १.२ जीबी. १२ जूनची ३१० एमबी. पुढे सगळ्या तशाच, कुठलीच पूर्ण नाही. एकही उघडली नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. मी ज्याला 'कॉम्प्युटर हळू बंद होतो' म्हणत होतो, तो माझा बॅकअप चालू होता. ९ जूनपर्यंत दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा आम्ही थांबायचो, तो पूर्ण व्हायचा. सीझन सुरू झाला, उशीर व्हायला लागला, आणि त्यानंतर रोज रात्री आम्ही आमचा स्वतःचा बॅकअप मध्येच तोडत होतो. ३ जुलैच्या रात्री तर मूळ डेटाबेसची फाइलच बिघडली.

हिशोब साधा आहे. माझा पेनड्राइव्ह जुना, सेकंदाला जेमतेम ५ एमबी लिहिणारा. सुरुवातीला डेटा २०० एमबी होता, तेव्हा बॅकअपला पाऊण मिनिटही लागत नसे. डेटा २.१ जीबी झाला तेव्हा त्याच पेनड्राइव्हला सात मिनिटं लागायला लागली. धंदा वाढला तसा बंद व्हायचा वेळ वाढला. आणि मी सगळ्यांना सांगत होतो, 'कॉम्प्युटर जुना झालाय.'

(बीबीएला आम्हाला मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम नावाचा अख्खा पेपर होता. मार्कही बरे होते.)

९ जूनच्या बॅकअपवरून सॉफ्टवेअर परत उभं केलं आणि मधले २४ दिवस हाताने भरायला बसलो. जूनचा जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११ जुलै. शाळांची आणि ऑफिसांची बिलं, म्हणजे जीएसटी नंबरवाली, फाइलला लावलेली होती, ती एकेक करून भरली. किरकोळ विक्री रिटर्नमध्ये एकत्र दाखवता येते, त्यासाठी रोज रात्री काढलेली दिवसाच्या विक्रीची प्रिंट कामी आली. मी आणि बायको, सहा रात्री. रिटर्न वेळेत गेलं. गेली ती उधारी. ती फक्त कॉम्प्युटरमध्ये होती. काही जण स्वतःहून येऊन सांगून गेले, 'तुमचे आठशे द्यायचेत.' काही जणांना मीच अंदाजाने विचारलं, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाशी वाईटपणा आला, कारण त्याने आधीच दिले होते. जे आलेच नाहीत त्यांना काय विचारणार? आमच्या अंदाजाने चौदा-पंधरा हजार रुपये.

तुमच्याकडे आत कोण आहे ते कसं शोधायचं

तुमच्याकडे बॅकअपच असेल असं नाही. कारणं बरीच असतात. म्हणून शोधण्याची पद्धत सांगतो.

आज रात्री मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि समोर उभं राहून बघा. किती वेळ लागतो यापेक्षा *कुठल्या पडद्यावर* अडकतो ते महत्त्वाचं. अमुक सॉफ्टवेअर बंद होऊ देत नाहीये अशी यादी आली आणि खाली 'शट डाऊन एनीवे' असं बटण दिसलं, तर विंडोजने तुम्हाला नावच सांगितलंय. ते बटण दाबू नका. 'कॅन्सल' करा, परत जाऊन ते सॉफ्टवेअर नीट सेव्ह करून बंद करा. बहुतेक वेळा न सेव्ह केलेली एक्सेलची शीट किंवा अर्धवट सोडलेलं बिल असतं.

अपडेटचे टक्के दिसत असतील तर गप्प बसा, तो पूर्ण होऊ द्या. अपडेट चालू असताना वीज तोडणं हे सगळ्यांत वाईट. पुढच्या वेळेसाठी असं करा की सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन 'ॲक्टिव्ह अवर्स' दुकानाच्या वेळेप्रमाणे टाका, म्हणजे भर गर्दीत तो स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही. आणि ज्या दिवशी दुपारी निवांतपणा असेल त्या दिवशी स्वतःच अपडेट करून घ्या.

नुसतं 'शटिंग डाऊन' फिरत असेल तर पडद्यामागची एखादी सर्व्हिस, ड्रायव्हर किंवा डिस्क. माझं असंच होतं. पडदा काळा झाला पण आतला पंखा आणि दिवा चालूच राहिला, तर बऱ्याचदा ड्रायव्हर किंवा 'फास्ट स्टार्टअप'. त्यावर खाली येतो.

दुसरं काम, कॉम्प्युटरच्या मागे बघा. पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, लेबल प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, काय काय लावलंय? पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर अजून लिहिणं चालू आहे. ज्या पेनड्राइव्हला दिवा असतो तोच मी आता मुद्दाम घेतो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू असतानाच, 'इजेक्ट' करून, या वस्तू काढा आणि मग बंद करा. माझ्याकडे पेनड्राइव्ह काढल्यावर २५ सेकंदांत बंद झाला. एकदम फरक पडला तर एकेक वस्तू परत लावून रोज रात्री वेळ मोजा. चार दिवसांत चोर सापडतो.

प्रिंटरची रांगही बघा. सकाळी कागद अडकला, तुम्ही प्रिंटर बंद-चालू केला, पण तो अडकलेला जॉब रांगेत तसाच पडून असतो. सेटिंग्जमध्ये प्रिंटरवर क्लिक करून रांग उघडा, जुने जॉब काढून टाका.

रोज बंद करता, तरी कॉम्प्युटर वीस दिवस चालूच

आता ही गंमत बघा. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स' मध्ये 'सीपीयू' वर क्लिक करा, खाली 'अप टाइम' दिसेल. तुम्ही रोज रात्री कॉम्प्युटर बंद करत असलात तरी तिथे वीस-वीस दिवस दिसू शकतात. कारण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाऊन केल्यावर विंडोज स्वतःचा गाभा पूर्ण बंद करत नाही, तो डिस्कवर एका फाइलमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवतो आणि सकाळी तिथूनच उचलतो. सकाळी लवकर चालू होतो खरा, पण जुन्या हार्ड डिस्कवर ती फाइल लिहायला रात्री वेळ जातो, आणि एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तो रोज तसाच पुढे येत राहतो.

'रिस्टार्ट' मध्ये असं होत नाही, तिथे सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. म्हणून कॉम्प्युटरवाला फोनवर पहिल्यांदा 'रिस्टार्ट करा' म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. किंवा शिफ्टचं बटण दाबून धरून 'शट डाऊन' वर क्लिक करा, त्या एका वेळेपुरता तो पूर्ण बंद होतो. पूर्ण बंद केल्यावर त्रास जात असेल तर फास्ट स्टार्टअप कायमचं काढा. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे डाव्या बाजूला पॉवर बटणांबद्दलची ओळ, मग वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढायची. सकाळी थोडा उशिरा चालू होईल, तेवढ्यात उदबत्ती लावा.

विंडोजची वही

इतकं करून सापडलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो. दिसायला भीतीदायक आहे, लाल-पिवळ्या खुणा भरपूर असतात, त्या सगळ्यांना घाबरू नका. आपल्याला दोनच जागा बघायच्यात.

पहिली, 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', त्यात 'ऑपरेशनल'. इथे इव्हेंट आयडी २०० असेल तर ती शटडाऊनची नोंद. किती वेळ लागला ते मिलिसेकंदात असतं, म्हणजे ६०,००० म्हणजे एक मिनिट. त्याच्या आसपास २०१, २०२, २०३ असे आकडे असतील तर तिथे उशीर कुणी केला त्याचं नाव मिळतं. रोजची नोंद असेलच असं नाही, पण असेल तर दहा मिनिटांत काम होतं.

दुसरी जागा, 'विंडोज लॉग्ज' मधलं 'सिस्टीम'. तिथे ६००८ हा आयडी शोधा. मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता, अशी ती नोंद, तारीख-वेळेसकट. माझ्याकडे ९ जूननंतरची प्रत्येक रात्र तिथे होती. एकही सुटली नव्हती. दुकान माणसांवर सोपवून जाणाऱ्यांनी महिन्यातून एकदा हे बघावं. पण मुलावर ओरडण्याआधी त्याला तसं कुणी शिकवलं ते आठवा.

हार्ड डिस्कचं थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर फक्त बंदच नाही, चालू व्हायलाही आणि साधी फाइल उघडायलाही हळू झाला असेल, आतून कट-कट आवाज येत असेल, तर डिस्क थकलीय. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' अशी एका शब्दात सांगतं. 'कॉशन' आलं की आधी डेटा दुसरीकडे काढा, बाकीचं नंतर. नव्याने घेताना हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या, बिलिंगच्या जुन्या कॉम्प्युटरवर यापेक्षा चांगला खर्च मला माहीत नाही.

हे करू नका

इंटरनेटवर 'शटडाऊन फास्ट करण्याची ट्रिक' म्हणून रजिस्ट्रीत जाऊन एक आकडा कमी करायला सांगतात. तो आकडा म्हणजे विंडोज सर्व्हिसेससाठी किती वेळ थांबणार. दुसरी ट्रिक, अडकलेली सॉफ्टवेअर न विचारता मारून टाकायची. घरी गेम खेळणाऱ्या मुलाने केलं तर चालेल. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर नको. त्याने काम लवकर संपत नाही, फक्त अर्धवट सोडलं जातं. मी स्विच पाडत होतो, तुमच्यासाठी ते विंडोज पाडेल. आणि 'पीसी क्लीनर', 'बूस्टर' वगैरे तर अजिबात नको, ते स्वतःच पडद्यामागे चालत बसतात. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा.

आता आमच्याकडे काय चालतं

बॅकअप बंद करतानाचा काढून दुपारी दोनला लावला. त्या वेळी दुकानात शांतता असते. जुना पेनड्राइव्ह फेकला, छोटी एक्स्टर्नल एसएसडी घेतली, तेच २.१ जीबी आता मिनिटभरात जातात. शनिवारी एक प्रत घरी नेतो, कारण दुकानात आग लागली किंवा चोरी झाली तर कॉम्प्युटर आणि त्याला चिकटलेला बॅकअप दोन्ही जाणार. महिन्याच्या एक तारखेला घरच्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून बघतो, शेवटचं बिल दिसतंय का ते तपासतो. यूपीएसची बॅटरीही बदलली. जुनी फक्त बीप वाजवायची, लाईट गेली की मिनिटभरात कॉम्प्युटर धाडकन बंद, म्हणजे तिथेही तेच चालू होतं. आणि उधारीची वही परत सुरू केली. बायकोचा हट्ट. दोनदा लिहायचं कशाला, असं मला वाटायचं. आता काही बोलत नाही.

बंद करायची वेळही बदलली. पावणेनऊला मुलगा शेवटचं बिल काढतो आणि लगेच कॉम्प्युटर शट डाऊन करतो. त्यानंतर कुणी आलं तर बिल कच्च्या वहीत, सकाळी पहिल्यांदा ते भरायचं. कॉम्प्युटर बंद होतोय तोवर आम्ही बाहेरचे स्टँड आत घेतो. पडदा काळा आणि पंखा बंद झाला की मगच बोर्डावरचा स्विच, आणि तो फक्त एकानेच पाडायचा.

तुमचा पेनड्राइव्ह आत्ता कॉम्प्युटरला लावलेला असेल तर उघडा आणि शेवटच्या आठ फाइलींची साइज बघा. एखादी फाइल मागच्या फाइलीपेक्षा लहान दिसली, तर आजची रात्र स्विचला हात लावू नका. बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कसा तपासायचा, ते पुढच्या व्हिडिओत माझ्याच दुकानाच्या डेटावर करून दाखवतो.